चाकांवरचं घर, पण ओटा कुणाचा?

पुण्याजवळ राहणाऱ्या एका एकसष्ट वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा फिनलंडमध्ये हेलसिंकीशेजारच्या एस्पोला नोकरी करतो. सून आणि पाच वर्षांची नात तिथेच. यंदाच्या उन्हाळ्यात आईबाबांना बोलावून, जूनच्या अखेरीला बारा दिवसांसाठी मोटरहोम भाड्यानं घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून थेट उत्तरेला इनारीच्या सरोवरापर्यंत जाऊन यायचं, असा बेत मुलानं आखला आहे. ‘हॉटेलांचा खर्च वाचेल, शिवाय आई, तुला घरचंच जेवण मिळेल,’ असं त्याचं म्हणणं. सदुसष्ट वर्षांचे यजमान तर आत्तापासूनच गाडी चालवायची स्वप्नं बघत आहेत. ताईंचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं, गाडीतल्या संडासाची त्यांना धास्ती आहे. पत्राच्या अगदी शेवटी त्यांनी लिहिलंय: “छत्तीस वर्षं ओट्याशी उभी आहे. आता इतक्या लांब जाऊन, चाकांवरच्या ओट्याशी उभं राहायचं का? नाही म्हटलं तर सगळ्यांचा हिरमोड, हो म्हटलं तर माझे हाल. काय करू?”

प्रिय ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिली दोन पानं गुडघे, जिना, संडास, थंडी यांच्यावर आहेत आणि ओट्याची गोष्ट शेवटच्या चार ओळींत, जणू जाता जाता लिहिल्यासारखी. मला वाटतं, पत्र त्या चार ओळींसाठीच लिहिलंय. बाकीच्या अडचणींना उत्तरं आहेत आणि ती मी देणारच आहे. पण ओट्याचा प्रश्न सुटला नाही, तर गाडी कितीही सोयीची घेतली तरी तुम्ही दमूनच परत याल. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

‘घरचं जेवण मिळेल’ हे मुलानं प्रेमानं म्हटलंय, यात मला शंका नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तुमच्या हातचं थालीपीठ आहे, ते थापणारे हात नाहीत. त्यात त्याचा दोष नाही. आपणच मुलांना ते कधी दिसू दिलं नाही. पण ‘हिरमोड होईल’ हे तुम्ही गृहीत धरलंय, त्याला विचारलेलं नाही. ‘सुनेला तर फार हौस आहे’ हेही तुम्ही लिहिलंय. ते तिनं स्वतः सांगितलं, की मुलानं सांगितलं? तिची बाजू बघा. बारा दिवस, सासू-सासऱ्यांसह सात मीटर लांबीच्या गाडीत, कपडे बदलायला कोपरा नाही, लेकीला झोपवायला वेगळी खोली नाही. तिच्याही पोटात गोळा आला असेल आणि तीही तुमच्यासारखीच गप्प असेल, अशी शक्यता मला खूप वाटते.

तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या कुटुंबाबरोबर मी अशाच गाडीतून फिनलंडमधल्याच सायमा सरोवराच्या काठाकाठानं सहा दिवस फिरले. गाडी ताब्यात देताना भाड्यानं देणाऱ्यांनी पंधरा मिनिटांत सगळं भराभर दाखवून आमची बोळवण केली. आम्हीही मान डोलावली. निघाल्यावर पहिल्याच चौकात गाडी वळली आणि ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडून मेतकुटाची बरणी खाली आली. त्या दाराला एक छोटं बटण असतं, ते दाबून आत बसवल्याशिवाय दार लागत नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. रस्त्याच्या कडेला थांबून मी आणि भाचेसून गुडघे टेकून फटींतलं मेतकूट टिपत होतो. दोघे पुरुष बाहेर नकाशा बघत उभे होते. त्या क्षणी मला जे वाटलं, तेच तुम्ही चार ओळींत लिहिलंय. त्या रात्री आम्ही बसून कामं वाटून घेतली आणि पुढचे पाच दिवस खरोखर सुखाचे गेले.

म्हणून सांगते: रस्ता ठरवायच्या आधी कामं ठरवा. मोटरहोममध्ये घरापेक्षा कामं जास्त असतात. प्यायच्या पाण्याची टाकी भरायची. भांडी आणि आंघोळीचं सांडपाणी वेगळ्या टाकीत साठतं, ते ठरलेल्या जागीच सोडायचं. संडासाखाली चाकं लावलेली पेटी असते, वीसेक लिटरची. ती बाहेरच्या दारातून काढून कॅम्पिंगच्या जागी नेऊन रिकामी करायची. मुक्कामी पोचल्यावर विजेची केबल जोडायची, निघताना गॅसचा कॉक बंद, सगळी कपाटं बंद, पायरी आत. ही सगळी कामं मुलाची आणि यजमानांची. पेटी रिकामी करणं तर मुलाचंच, त्यात चर्चा नको. जेवणाचं म्हणाल, तर दिवसातून एकदाच चूल पेटेल असं ठरवा आणि त्यातही एक दिवसाआड दुसऱ्या कुणाची तरी पाळी. गाडीत दोन किंवा तीन बर्नरची शेगडी आणि हातभर ओटा असतो. तिथे पाच माणसांच्या पोळ्या लाटायचा हट्ट कुणीच धरू नये, तुम्हीही नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याला कुणी सांगितलं नाही तरी आपण लाटायला घेतो.

आणि तिथे खायला मिळतं, ताई. जुलैपासून बाजारचौकात ताजे मटार लिटरच्या मापानं विकतात. लोक शेंगा सोलून कच्चेच खात फिरत असतात. स्ट्रॉबेरीही तशीच, मापानं. राई (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) पिठाच्या पातळ पारीत भाताची खीर भरून भाजलेली कारेलियन पुरी सगळीकडे मिळते. तुम्ही मासे खाता असं लिहिलंय, म्हणून ‘मुइक्कू’ खाल्ल्याशिवाय येऊ नका: बोटाएवढे सरोवरातले मासे राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात, अगदी आपल्या मांदेलीसारखे, काट्यासकट खायचे. दुकानात ‘पीमा’ नावाचं ताकाच्या जवळचं पेय असतं. त्याची कढी होते, मी केली आहे. ‘रहका’ म्हणजे जवळजवळ चक्काच. साखर आणि वेलची घातली की नातीला श्रीखंड. भारतातून नेताना मात्र जपून: दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशांना नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि पेढे घरीच. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या असलं ताजं काही बॅगेत घालू नका. भाजणी, मसाले, मेतकूट, पापड चालतात.

आता मुलाच्या बेताबद्दल. इथे माझं मत स्पष्ट आहे: इनारी नको. हेलसिंकीहून इनारी एका बाजूनं अकराशे किलोमीटरच्या वर आहे. जाऊन-येऊन सव्वादोन हजार. बारा दिवसांत भागेल कागदावर, पण मोटरहोम म्हणजे कार नव्हे. ऐंशीच्या वेगानं चालते, वाऱ्यात हलते आणि चालत्या गाडीत सगळ्यांनी पट्टे लावून बसायचं असतं. तुमच्या पत्रात ‘जाता जाता चहा टाकता येईल’ असं यजमानांचं वाक्य आहे. नाही येणार. गाडी चालू असताना शेगडी बंद आणि माणसं खुर्चीत. गुडघे आखडून तासनतास बसायला तुम्ही फिनलंडला कशाला जायचं?

त्याऐवजी सरोवरांचा मुलूख बघा. देशात एक लाख 88 हजारांच्या आसपास सरोवरं आणि जमिनीचा तीन-चतुर्थांश भाग जंगल. त्यातला सगळ्यात देखणा पट्टा आग्नेयेला, हेलसिंकीपासून अर्ध्या दिवसाच्या आत सुरू होतो. लापेनरांता, मग सावोनलिन्ना, तिथून योएनसूवरून कोली, कुओपिओ आणि युवास्क्युलावरून परत. सगळं मिळून अकरा-बाराशे किलोमीटर, म्हणजे मुलाच्या बेताच्या निम्मं. सावोनलिन्नाला पाण्यात उभा असलेला ओलाविनलिन्ना किल्ला आहे, 1475 साली बांधायला घेतलेला. जुलैत त्याच्या आवारात ऑपेरा महोत्सव भरतो. जवळच पुंकाहार्यू: हिमयुगातल्या बर्फाच्या पाण्यानं वाळू-गोटे रचून तयार झालेली सात किलोमीटर लांबीची अरुंद टेकडी, दोन्ही अंगांना सरोवर आणि मधोमध पाइनच्या झाडांतून रस्ता. यजमानांना गाडी चालवायचीच असेल तर ती इथे, सकाळच्या वेळी. कोलीच्या माथ्याची उंची फक्त 347 मीटर, पण खाली पसरलेलं पिएलिनेन सरोवर आणि त्यातली बेटं बघताना बोलणं थांबतं. वर जायला वाहनतळापासून वाट आहे. आणि सायमात गोड्या पाण्यातला सायमा सील राहतो, ही जात जगात फक्त याच सरोवरात. हिमयुगानंतर जमीन वर आली, समुद्राची वाट बंद झाली आणि तो इथेच अडकून राहिला. नातीला ही गोष्ट सांगा. तो दिसेलच असं मात्र सांगू नका. मे महिन्यात कात टाकायला तो खडकांवर येतो, नंतर दर्शन दुर्मीळ.

मुलाचं मन उत्तरेतच अडकलं असेल, तर हेलसिंकीहून रोवानिएमीला रात्रीची झोपायच्या डब्यांची रेल्वे जाते. संध्याकाळी बसा, सकाळी पोचा. ध्रुववृत्त तिथून हाकेच्या अंतरावर. दोन दिवस राहून परत या. मोटरहोम त्या वारीसाठी लागत नाही.

जूनची अखेरही मी बदलायला लावेन. 20 ते 26 जूनच्या दरम्यान येणारा शनिवार म्हणजे तिथला ‘युहान्नुस’, वर्षातला सगळ्यात मोठा उन्हाळी सण. शहरं ओस पडतात, दुकानं बंद किंवा अर्धवेळ, आणि कॅम्पिंगच्या जागा आधीच भरलेल्या. शिवाय जूनच्या अखेरीपासून जुलैभर डासांचा कहर, उत्तरेत तर फारच. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी अजून पोहण्याइतकं कोमट असतं, डास ओसरलेले असतात, रात्री थोडा अंधार होतो म्हणून झोप लागते आणि जंगलात ब्लूबेरी पिकलेली असते. तिथे कुणालाही कुणाच्याही जंगलात हिंडायचा, रानफळं आणि मशरूम वेचायचा हक्क आहे, मालकाला न विचारता. हातात डबा घेऊन वाकून ब्लूबेरी वेचणं गुडघ्यांना जड जाईल. तुम्ही दगडावर बसा, नात आणून देईल.

याच हक्काबद्दल एक गैरसमज मराठी मंडळींत फार दिसतो, म्हणून इतर वाचकांसाठीही लिहिते. ‘फिनलंडमध्ये कुठेही मुक्काम करता येतो’ हे पायी चालणाऱ्याच्या तंबूला लागू आहे, मोटारीला नाही. गाडी जंगलात किंवा कुणाच्या काठावर घालायला मालकाची परवानगी लागते. उघड्यावर शेकोटी पेटवायलाही लागते, आणि वणव्याचा इशारा असेल तेव्हा परवानगी असूनही पेटवायची नाही. तेव्हा मुक्काम कॅम्पिंगच्या जागीच करा. तुमच्यासाठी तर तेच उत्तम, कारण तुमच्या गुडघ्यांचं आणि संडासाचं उत्तर तिथेच आहे.

ते उत्तर असं. तिथल्या बहुतेक कॅम्पिंगच्या आवारात छोट्या लाकडी खोल्या भाड्यानं मिळतात. गाडी शेजारी उभी करायची. मुलगा, सून, नात गाडीत झोपतील आणि तुम्ही दोघं खोलीत. पायऱ्या एक-दोनच, पलंग जमिनीजवळ, दार लावून घेता येतं. सुनेलाही मोकळं वाटेल. मात्र साध्या खोलीला जोडून संडास नसतो, आवारातल्या सामायिक इमारतीत जावं लागतं. रात्री दोनदा उठणाऱ्यानं थोडे जास्त पैसे मोजून संडास असलेली खोलीच घ्यावी. सामायिक इमारतीत स्वयंपाकघरही असतं, मोठ्या शेगड्या आणि भांडी घासायला गरम पाणी असलेलं. गाडीतल्या हातभर ओट्यापेक्षा तिथे दोघी-तिघांनी मिळून रांधणं कितीतरी सोपं. आणि एक गोष्ट ऐकून तुम्हाला हायसं वाटेल: फिनलंडमध्ये संडासात हाताशी पाण्याचा छोटा फवारा असतो, घरोघरी आणि बऱ्याच सार्वजनिक ठिकाणीही. युरोपात इतरत्र आपली जी पंचाईत होते, ती इथे क्वचितच. गाडीतल्या संडासात तो नसतो. तिथे पाण्याची बाटली ठेवा आणि पेटी लवकर भरेल हे मुलाला सांगून ठेवा.

दुसरा पर्याय मला याहूनही आवडतो. पाच दिवस मोटरहोम, पाच-सहा दिवस सरोवरकाठचं एखादं ‘मोक्की’. मोक्की म्हणजे तिथल्या लोकांचं काठावरचं लाकडी घर. आठवड्याच्या भाड्यानं मिळतं. अंगणातून पाण्यात उतरायचा छोटा धक्का, एक वल्ह्यांची होडी, लाकडं घालून तापवायची सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली. मुलाची मोटरहोमची हौसही भागते आणि तुम्हाला एकाच जागी चार सकाळी मिळतात. काठावर पहाटे चारला जाग आली तर बाहेर उजाडलेलं असतं, पाण्यावर धुक्याचा पातळ थर आणि आवाज फक्त पाणबुड्या पक्ष्याचा. रोज बिऱ्हाड हलवणाऱ्याला हे मिळत नाही. सौनेबद्दल घाबरू नका: कुटुंबापुरती वेळ राखून घेता येते, बायका आधी आणि पुरुष नंतर असं करता येतं, पंचा गुंडाळून बसलं तरी कुणी काही म्हणत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

‘खर्च वाचेल’ याचा हिशोबही मुलाबरोबर एकदा कागदावर मांडा. गाडीचं दिवसाचं भाडं उन्हाळ्यात शंभर युरोंच्या खूप वर जातं, त्यावर डिझेल, रोज रात्रीची कॅम्पिंगची जागा, पांघरुणं आणि भांड्यांचा संच, परत करताना स्वच्छता. साधी कार आणि मोक्की हे गणित अनेकदा स्वस्त पडतं. मोटरहोम हौसेसाठी घ्यायचं, काटकसरीसाठी नव्हे. हौस असायला काहीच हरकत नाही, पण मग तिला हौसच म्हणावं. काटकसरीच्या नावाखाली घेतली की पैसे वाचवायची जबाबदारी ओट्याशी उभ्या असलेल्या बाईवर येते.

गाडी घ्यायचीच ठरली तर ‘सहा जण झोपू शकतात’ यावर जाऊ नका. पट्टे किती, ते विचारा. झोपायला सहा जागा आणि बसायला चारच पट्टे अशाही गाड्या असतात. नातीची उंची 135 सेंटीमीटरपेक्षा कमी असणार, म्हणजे तिची बालखुर्ची त्या आसनावर बसते का, हेही बघा. मागे कायमचा, खालच्या पातळीवरचा पलंग असलेली गाडी मागा. चालकाच्या डोक्यावरचा पलंग शिडीचा, तो तरुणांना. मोठ्या चाकांच्या बॅगा एस्पोलाच ठेवा आणि कपडे मऊ पिशव्यांत भरा. नेहमीच्या परवान्यावर चालवता येणाऱ्या गाडीचं वजन सगळं धरून साडेतीन टनांच्या आत लागतं. पाच माणसं, सामान आणि भरलेली टाकी म्हटल्यावर ती मर्यादा लवकर गाठली जाते. गाडी ताब्यात घेताना समजावून सांगतात त्याचं मोबाइलवर चित्रीकरण करा, आणि प्रत्येक गोष्ट एकदा स्वतःच्या हातानं करून बघा. आमचं चुकलं ते इथेच.

यजमानांना आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागेल, आणि भाडेकरारात त्यांचं नाव चालक म्हणून असायला हवं. नसेल तर विमा मिळणार नाही. डाव्या हाताला स्टिअरिंगची गाडी, उजव्या बाजूनं चालायचं, समान रस्त्यांच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, दिवे दिवसाही चालू. सांजेला आणि पहाटे रस्त्यावर मूस नावाचं अवाढव्य हरीण येतं, ते घोड्याहून उंच असतं. तीस वर्षांचा अनुभव इथे उपयोगी पडतो तसाच आडही येतो, कारण हात सवयीनं वळतात. त्यांना नाही म्हणू नका. आधी रिकाम्या वाहनतळावर अर्धा तास, मग मोकळ्या रस्त्यावर. सरोवरांच्या मुलखात काही ठिकाणी पुलाऐवजी गाड्या पलीकडे नेणारी पिवळी फेरीबोट असते, तिला ‘लोस्सी’ म्हणतात. रस्त्याचाच भाग असल्यामुळे फुकट. तिच्यावर गाडी चढवायचा मान त्यांना द्या.

आता मुलाशी कसं बोलायचं. ‘मला नाही जमणार’ असं म्हणू नका. ते ऐकून तो एक तर तुम्हाला समजावत बसेल, नाहीतर सगळाच बेत रद्द करेल. ‘मला यायचंय, आणि मला यायला जमेल ते असं’ म्हणा: खोली, निम्मं अंतर, एक दिवसाआडच स्वयंपाकाची पाळी. त्याला नाराज व्हायचं तर होऊ दे, दोन दिवस. चाळिशीकडे आलेला मुलगा आईच्या एका अटीनं मोडत नाही. आणि एवढं करूनही तुम्हाला वाटलं की एस्पोच्या घरीच राहून, ट्रॅमनं आणि बसनं हिंडून, नातीला गोष्टी सांगून परत यायचं, तर तोही पुरेसा प्रवास आहे. मग मुलगा-सून-नातीला चार दिवस गाडी घेऊन एकटं जाऊ द्या.

पण मुलाच्या आधी फोन सुनेला करा. तो ऑफिसात असेल तेव्हा, ती मोकळी असताना. हिवाळ्यात, मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत, तिकडचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला तिथे एक वाजलेला असतो. तिला सल्ला विचारू नका, बेत सांगू नका. फक्त विचारा, “तुला खरंच इतके दिवस त्या गाडीत राहायचंय का गं?” आणि मग गप्प राहा, तिला बोलू द्या.